अल्बानियाचे रस्ते तासांत मोजावेत

1991 पर्यंत अल्बानियात सामान्य माणसाला स्वतःची मोटार बाळगायची परवानगी नव्हती. एन्व्हेर होजा या हुकूमशहाने 1944 पासून 1985 मध्ये मरेपर्यंत हा देश जगापासून तोडून ठेवला होता. आधी युगोस्लाव्हियाशी बिनसलं, मग सोव्हिएत संघाशी, शेवटी चीनशीही. परदेशप्रवास बंद, आणि 1967 पासून तर देवधर्मही कायद्याने बंद. रस्त्यावर मोटारी दिसायच्या त्या पक्षाच्या आणि सरकारच्या, मोजक्या. जिथे मोटारीच नाहीत तिथे डोंगरातले रस्ते रुंद करायची गरज कुणाला वाटणार? ते अरुंद आणि वळणावळणाचे तसेच राहिले.

राजवट कोसळली तशी युरोपभरातून जुन्या गाड्यांची रांग लागली. त्यातही मर्सिडीजवर अल्बानियन माणसाचा जीव. आज खेड्यापाड्यांत दर थोड्या अंतरावर ‘लावाझ’ अशी पाटी दिसते. म्हणजे गाडी धुवायचं दुकान. एक नळ, एक पाइप, कधी कधी शेजारी कॉफीचं टेबल. ज्यांच्या वडिलांना गाडी नशिबात नव्हती, ती पिढी आपली गाडी अशी लख्ख ठेवते.

हा देश आता पर्यटकांना अनोळखी राहिलेला नाही. 2023 साली एक कोटीहून जास्त परदेशी पाहुणे तिथे आले. मराठी प्रवाशाच्या यादीत मात्र तो अजून क्वचितच असतो. स्वित्झर्लंड, पॅरिस, फार तर क्रोएशिया, आणि मग विमान घरी. ग्रीसच्या कॉर्फू बेटावरून बोटीने तासाभरात जिथे पोचता येतं, त्या सारांदा बंदराचं नाव पुण्या-मुंबईच्या सहलीच्या कार्यक्रमात सहसा सापडत नाही. खरं तर स्वतः गाडी चालवत हिंडायला हा देश फार चांगला आहे. अट एकच, बेत आखताना किलोमीटर विसरून तास मोजायचे.

अल्बानियाचं क्षेत्रफळ आहे 28,748 चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. लोकसंख्या 2023 च्या जनगणनेनुसार सुमारे 24 लाख. नकाशा पाहून कुणालाही वाटतं की एवढासा देश आठवड्यात सहज पालथा घालू. इथेच बहुतेकांचे बेत फसतात. पश्चिमेला अॅड्रियाटिक समुद्राकडची पट्टी सपाट आहे, तिथे चौपदरी रस्ते आहेत आणि गाडी पळते. बाकी देश म्हणजे डोंगर. आग्नेयेकडचा पर्मेत ते कोर्चा हा रस्ता सुमारे सव्वाशे किलोमीटरचा, पण त्याला साडेतीन ते चार तास लागतात, आणि तेही वाटेत कुठे चहा-कॉफीला न थांबता. मोबाइलवरच्या नकाशाचं ऐकून ‘जवळची वाट’ धरणं तर फारच धोक्याचं. बेरातहून दक्षिणेला चोरोवोदामार्गे पर्मेतकडे जाणारी रेघ नकाशावर सरळ आणि मोहक दिसते. प्रत्यक्षात तिचा बराच भाग वर्षानुवर्षं कच्चा आणि खडकाळ राहिलेला आहे, भाड्याच्या लहान गाडीचं ते काम नाही. मुक्कामाच्या ठिकाणी यजमानाला ‘कुठल्या रस्त्याने जाऊ?’ असं विचारलं की खरं उत्तर मिळतं. दिवसाला चार तासांपेक्षा जास्त गाडी चालवायची नाही, हा नियम करून टाकावा.

वेळ नऊ-दहा दिवसांचा असेल तर दक्षिणेचा फेरा सगळ्यात भरीव. राजधानी तिरानाहून निघायचं, बेरात, व्लोरा, समुद्रकाठाने सारांदा, तिथून आत वळून जिरोकास्तर, पर्मेत, कोर्चा, ओह्रिड सरोवर, आणि एल्बासानवरून परत तिराना.

हा फेरा या दिशेनेच करावा, उलट नको, आणि त्याचं कारण व्यावहारिक आहे. अल्बानियात गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते. उत्तरेकडून दक्षिणेकडे, म्हणजे व्लोराहून सारांदाला जाताना समुद्र उजव्या हाताला येतो. दृश्य आपल्या कडेला असतं, आणि कठड्याशी गाडी थांबवायला समोरची वाहतूक ओलांडावी लागत नाही. ज्याला कड्याची भीती वाटते त्याने मात्र उलट दिशा धरावी, म्हणजे गाडी डोंगराच्या बाजूने राहते.

त्या रस्त्यावरची मोठी घटना म्हणजे लोगारा घाट. हजार मीटरहून थोडा जास्त उंच. व्लोराच्या बाजूने चढताना पाइनचं दाट जंगल लागतं, हवा गार होते. माथा ओलांडला की झाडं एकदम संपतात आणि खाली आयोनियन समुद्र उघडा पडतो. रस्ता नागमोडी वळणं घेत जवळजवळ पाण्याच्या पातळीपर्यंत उतरतो. इसवी सनपूर्व 48 मध्ये आपला प्रतिस्पर्धी पॉम्पी याचा पाठलाग करत आलेला ज्युलियस सीझर याच पायथ्याला, पालासे इथे उतरला आणि सैन्य घेऊन हा डोंगर चढला. 2024 च्या उन्हाळ्यात डोंगराखालून सुमारे सहा किलोमीटरचा बोगदा सुरू झाला आणि घाटात जाणारा अर्ध्याहून जास्त वेळ वाचला. घाईच्या माणसाने बोगदा घ्यावा. पण सुट्टीवर आलेल्या माणसाने घाटच घ्यावा, कारण बोगद्यामुळे ट्रक आणि बस खालून गेल्या, वरचा रस्ता आता पूर्वीपेक्षा निवांत झाला आहे.

पुढे हिमारा, मग छोट्या भूशिरावरचा पोर्तो पालेर्मोचा किल्ला. हा अली पाशा या सरदाराच्या नावाने ओळखला जातो. त्याच खाडीच्या कडेला डोंगरात खोदलेला पाणबुड्यांचा बोगदा दिसतो, होजाच्या काळातला. होजाला कायम वाटायचं की कुणीतरी चाल करून येणार. त्या भीतीपोटी त्याने देशभर काँक्रीटचे बंकर बांधले, आकडा पावणेदोन लाखांच्या घरात जातो. शेतात, समुद्रकाठी, स्मशानाशेजारी, कुठेही ते दिसतात. शत्रू आलाच नाही. घरांना सिमेंट मिळत नव्हतं तेव्हा ते सगळं जमिनीत गेलं, हे गाडीतून हिंडताना दर दहा मिनिटांनी आठवत राहतं. तिरानात दोन मोठ्या बंकरांची ‘बंक-आर्ट’ नावाची संग्रहालयं केली आहेत. गुप्त पोलिसांनी काय केलं त्याची नोंद तिथे आहे. फेऱ्याच्या सुरुवातीलाच ती पाहिली तर पुढचा देश जास्त कळतो.

सारांदाच्या दक्षिणेला बुत्रिंत. ग्रीक नाट्यगृह, रोमन स्नानगृह, ख्रिस्ती बाप्तिस्मागृह, व्हेनिसचा बुरूज, सगळं एका झाडीभरल्या द्वीपकल्पावर. 1992 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेलं हे अल्बानियातलं पहिलं ठिकाण. त्याच्या दारातच रस्ता संपतो आणि पाणी सुरू होतं. सरोवराला समुद्राशी जोडणारा हा व्हिवारी कालवा. पलीकडे जायला पूल नाही, लाकडी फळ्यांचा एक सपाट तराफा आहे, पोलादी दोरावर ओढला जाणारा. त्यावर मोजक्या गाड्या मावतात. चालवणारा हाताने खुणा करून गाडी नेमकी कुठे लावायची ते दाखवतो, फळ्या चाकाखाली कुरकुरतात, हँडब्रेक ओढायचा, आणि काही मिनिटांत पलीकडचा काठ. नव्या चालकाच्या पोटात गोळा येतो खरा, पण गाडी, माणसं, कधी बकऱ्याही शांतपणे पार होतात.

ऑगस्टमध्ये मात्र हा सगळा किनारा टाळावा. बुत्रिंतजवळच्या क्सामिल गावाच्या वाळूवर तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. इटली, ग्रीस, जर्मनीत कामाला गेलेले अल्बानियनही त्याच महिन्यात घरी येतात. मे-जून किंवा सप्टेंबर हे खरे महिने.

किनारा सोडून जिरोकास्तरकडे वळलं की वाटेत ‘निळा डोळा’ नावाचा झरा आहे. पाणी जमिनीतून इतक्या जोराने वर येतं की पाणबुडे पन्नास मीटर खाली जाऊनही तळाला पोचू शकले नाहीत. गाडी लांब उभी करून सुमारे दोन किलोमीटर चालत जावं लागतं. सकाळी लवकर गेलं तरच शांतता.

जिरोकास्तर हे दगडी छपरांचं शहर. इथेच 1908 मध्ये होजा जन्मला, आणि इथेच 1936 मध्ये इस्माइल कादारे जन्मला. कादारे म्हणजे अल्बानियन भाषेला जगाच्या वाचनात आणणारा कादंबरीकार. 2005 मध्ये मॅन बुकर आंतरराष्ट्रीय पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला तो त्याला. 2024 च्या जुलैत तो गेला. एकाच गावाने हुकूमशहा दिला आणि त्या हुकूमशाहीत जगणाऱ्या माणसांचं मन मांडणारा लेखकही दिला. गावातल्या गल्ल्या मात्र भाड्याच्या गाडीची परीक्षा घेतात. गुळगुळीत दगडी फरसबंदी, उभा चढ, समोरून आलेली गाडी, मागे सरकायला जागा नाही. सामान आधी उतरवून गाडी खालच्या नव्या भागात लावावी, हे उत्तम. वर किल्ल्यात अमेरिकी हवाई दलाचं एक विमान गंजत उभं आहे. ते 1957 च्या डिसेंबरात अल्बानियात उतरवलं गेलं होतं, आणि होजाच्या सरकारने ते हेरगिरीचा पुरावा म्हणून मांडून ठेवलं.

इथून पर्मेतचा रस्ता व्योसा नदीच्या काठाने जातो. ही नदी ग्रीसच्या डोंगरात उगम पावते आणि अल्बानियातून वाहत अॅड्रियाटिक समुद्राला मिळते. अल्बानियातल्या तिच्या मुख्य प्रवाहावर धरण नाही. पांढऱ्या गोट्यांच्या रुंद पात्रात ती दरवर्षी आपली वाट बदलते, फाटे फोडते, बेटं करते. युरोपात अशी मोकळी मोठी नदी आता दुर्मीळ आहे. तिच्यावर जलविद्युत प्रकल्प होऊ नयेत म्हणून गावकरी, शास्त्रज्ञ आणि पर्यावरण संस्थांनी वर्षानुवर्षं लढा दिला, आणि मार्च 2023 मध्ये सरकारने ती राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर केली. काळजीची गोष्ट अशी की त्याच नदीच्या मुखाजवळ, पाणथळ पक्षिप्रदेशात व्लोराचा नवा विमानतळ उभारला जातो आहे. ज्यांना नदी नदीसारखी पाहायची आहे त्यांनी ती पर्मेतच्या परिसरात पाहावी. शेजारी बेन्या इथे गरम पाण्याचे झरे आहेत, जुन्या कमानीच्या पुलाखाली. गावात ‘ग्लिको’ मिळतो, म्हणजे साखरेच्या पाकात शिजवलेली अख्खी फळं. कोवळ्या हिरव्या अक्रोडाचा ग्लिको तर खाऊन पाहावाच.

पर्मेतपासून लेस्कोविक, एर्सेकामार्गे कोर्चाचा तो चार तासांचा रस्ता. एकामागून एक खिंडी, मेंढ्यांचे कळप, तासभरात समोरून आलेल्या गाड्या बोटांवर मोजाव्यात. पेट्रोल पर्मेतलाच भरून घ्यावं. कोर्चात 1887 साली पहिली अल्बानियन भाषेची शाळा सुरू झाली. उस्मानी राज्यात मातृभाषेत शिकणंही तेव्हा बंडासारखं होतं. तिथून ओह्रिड सरोवर, आणि मग श्कुंबिन नदीच्या खोऱ्याने एल्बासान. प्राचीन रोमन व्हिया एग्नातिया, जी या किनाऱ्यापासून पुढे इस्तंबूलपर्यंत जायची, ती याच खोऱ्यातून गेली होती.

उत्तरेचं गणित वेगळं. तिथले आल्प्स देखणे आहेत, पण तिथला सगळ्यात चांगला भाग गाडीविना होतो. श्कोडर शहरात गाडी ठेवायची, पहाटेच्या मिनीबसने कोमानला जायचं. द्रिन नदीवरच्या धरणामुळे तयार झालेलं लांबट, अरुंद सरोवर तिथून सुरू होतं. दोन्ही बाजूंना सरळ कडे, आणि बोट अडीच-तीन तास त्यांच्यामधून जाते. पुढे वाल्बोना गाव, दुसऱ्या दिवशी सुमारे 1,800 मीटर उंचीची खिंड पायी ओलांडून थेथ गाव, आणि तिसऱ्या दिवशी मिनीबसने श्कोडर. वाल्बोना आणि थेथच्या मध्ये मोटार रस्ताच नाही. ज्यांना चालणं जमणार नाही त्यांनी थेट थेथला गाडी न्यावी. रस्ता आता डांबरी झाला आहे, पण एकाच गाडीपुरता अरुंद, आणि हिवाळ्यात बर्फाने बंद होऊ शकतो. थेथमध्ये एक दगडी बुरूजघर आहे. खुनाचा सूड चुकवायला माणूस तिथे कोंडून घ्यायचा आणि वडीलधारे मध्यस्थी करेपर्यंत बाहेर पडायचा नाही.

श्कोडरच्या रोझाफा किल्ल्याची एक कथा सांगतात. दिवसा बांधलेली भिंत रात्री कोसळायची, शेवटी तीन भावांपैकी धाकट्याची बायको पायात चिणली तेव्हा ती टिकली. तान्ह्या बाळाला पाजता यावं म्हणून एक स्तन, एक हात, एक पाय उघडा ठेवा, अशी तिची विनवणी होती. आपल्याकडच्या गडांच्या बुरुजांखालच्या बळींच्या दंतकथा ऐकत वाढलेल्या माणसाला ती ओळखीची वाटते.

आता कागदपत्रं. अल्बानिया शेंगेन गटात नाही. भारतीय पासपोर्टवर शेंगेन, ब्रिटन किंवा अमेरिकेचा वैध, अनेक प्रवेशांचा आणि किमान एकदा वापरलेला व्हिसा असेल तर वेगळा व्हिसा लागत नाही, 90 दिवसांपर्यंत राहता येतं. नसेल तर अल्बानियाच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ई-व्हिसाचा अर्ज करावा. नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी तिथेच खात्री करून घ्यावी. ग्रीसमधून बोटीने येऊन परत ग्रीसलाच जाणार असाल तर एकाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा चालणार नाही. भारतातून थेट विमान नाही, मुंबईहून इस्तंबूलमार्गे जाणं सोयीचं.

वाहन चालवण्याचा आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओतून मिळतो, मुदत एक वर्ष. निघायच्या आदल्या आठवड्यावर हे काम ठेवू नये. मूळ परवानाही सोबत लागतो. भाड्याच्या गाड्या बहुतांश हाताने गिअर टाकायच्या असतात. ऑटोमॅटिक हवी असेल तर खूप आधी सांगावं लागतं. विम्यात टायर, काचा आणि गाडीची खालची बाजू येते का, हे लेखी विचारावं, कारण खडकाळ रस्त्यावर नेमकं तेच जातं. ताब्यात घेताना चारी बाजूंचा व्हिडिओ काढावा. शेजारच्या देशात गाडी न्यायची असेल तर विम्याचं ‘ग्रीन कार्ड’ आणि मालकाचं परवानगीपत्र लागतं.

आपल्याला डावीकडून चालवायची सवय. सरळ रस्त्यावर दोन दिवसांत उजवीकडे हात बसतो, चुका होतात त्या चौकात डावीकडे वळताना आणि पेट्रोलपंपावरून बाहेर पडताना. शेजारी बसणाऱ्याने त्या दोन क्षणी मोठ्याने ‘उजवीकडे’ म्हणायचं काम घ्यावं. गावात वेगमर्यादा 40, आणि पोलीस रडार घेऊन उभे असतात. रक्तात दारूचं प्रमाण जवळजवळ शून्यच चालतं, त्यामुळे यजमानाने प्रेमाने पुढे केलेली राकिया संध्याकाळी गाडी लावल्यावरच. अंधार पडल्यावर डोंगरात गाडी चालवू नये. दिवा नसलेली गाढवगाडी किंवा वळणावर थांबलेली मोटार कधीही समोर येते.

चलन लेक. लहान खानावळी आणि घरगुती निवासांत रोख लागते, एटीएम बहुधा दर वेळी शुल्क कापतं. भाव विचारताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 1965 मध्ये चलनातलं एक शून्य काढलं गेलं, पण लोक अजूनही बोलताना जुन्या हिशेबाने सांगतात. हजार म्हटलं तर शंभर असू शकतं. फसवायचा हेतू नसतो, नोट दाखवून विचारलं की उलगडा होतो.

शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. पालक किंवा ताज्या चीजचं सारण भरलेलं बुरेक सकाळी प्रत्येक बेकरीत गरम मिळतं. भात भरून भाजलेल्या ढोबळ्या मिरच्या, पांढऱ्या घेवड्याचं कालवण, टोमॅटो-मिरची-चीजचं फर्गेस. आणि उन्हात थकून आल्यावर ‘धाल’ मागवावं, ते म्हणजे मीठ घातलेलं आपलं ताकच. मात्र ‘मांस नको’ म्हटल्यावरही कालवणात मांसाचा रस्सा असू शकतो, त्याबद्दल वेगळं विचारावं.

तिरानाच्या विमानतळाला मदर तेरेसा यांचं नाव आहे. त्या स्कोपियेत एका अल्बानियन घरात 1910 मध्ये जन्मल्या. त्यांची आई आणि बहीण तिरानात राहत होत्या, पण होजाच्या सरकारने त्यांना भेटू दिलं नाही. आई 1972 मध्ये गेली, बहीण पुढच्या वर्षी. कोलकात्याहून जगभर फिरणाऱ्या या बाईंना तिरानात पाऊल ठेवता आलं ते 1989 मध्ये, दोघींच्या कबरी पाहायला. भारतीय पासपोर्ट पुढे केला की हे नाव तिथे आपोआप निघतं, आणि बोलणं सुरू होतं.

उत्तर आणि दक्षिण दोन्ही एका आठवड्यात कोंबू नयेत. हातात सातच दिवस असतील तर कोर्चाचा फेरा सोडावा आणि जिरोकास्तरहून परतावं, पण त्याआधी पर्मेतला जाऊन दोन रात्री व्योसाच्या काठी जरूर काढाव्यात.